तारोडीचा बोंबल्या

काशीनाथ एकोणीस वर्षं कुत्र्यांच्या गाडीवर होता. भटकी कुत्री पकडायची, नसबंदी करणाऱ्या केंद्रात न्यायची, पाच-सहा दिवसांनी परत सोडायची. पोरं दगड मारत, प्राणिप्रेमी शिव्या देत, आणि ज्यांना कुत्री नकोच असत तेही शिव्या देत. तो ऐकून घेई. त्याची एकच गोष्ट होती, जिच्याबद्दल तो कुणाचंही ऐकत नसे: कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. कायदाच तसा आहे, पण काशीनाथला कायद्याची गरज नव्हती. परक्या गल्लीतली कुत्री नवख्या कुत्र्याला कशी फाडतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तो प्रत्येकाच्या गळ्यात गावाचं नाव लिहिलेली कापडी पट्टी बांधायचा. उत्तनकडची गावं: चौक, डोंगरी, तारोडी. अक्षर गिचमिड, पण एकोणीस वर्षांत एकही कुत्रं चुकीच्या दारात गेलं नव्हतं.

मग ॲप आलं. ठेका घेतलेल्या संस्थेचा निहार नावाचा तरुण सुपरवायझर सगळ्यांना समजावून गेला, कुत्र्याचा फोटो काढा, पाठवा, जागा आपोआप नोंदली जाईल. "पट्टीबिट्टी आता बंद, काका. इन्फेक्शन होतं." काशीनाथला ते पटलंही. यंत्र आपल्यापेक्षा जास्त लक्षात ठेवणार, असं त्याला खरंच वाटलं.

तारोडीच्या सेलीनमावशीचा कुत्रा बोंबल्या जाळ्यात येत नव्हता. पांढरा, हडकुळा, भारी चपळ. काशीनाथला बघितलं की होड्यांच्या मागे पसार. मावशीचा नवरा व्हिक्टर गेल्यापासून तो तिच्याच ओट्यावर झोपायचा. मुलगा ग्लेन बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचा. घरात बोलायला तिला दुसरं होतंच कोण? तिसऱ्या खेपेला काशीनाथ तिच्या दारात गेला. "मावशी, तुम्हीच आणून द्या. आठवड्याच्या आत तुमच्या ओट्यावर आणून सोडतो. माझा शब्द."

तिने सुक्या मासळीचा तुकडा दाखवून त्याला उचलला आणि स्वतःच्या हातांनी पिंजऱ्यात ठेवला. दार काशीनाथने लावलं.

फोटो तिथेच काढला, पण तारोडीत त्या दिवशी नेटवर्क नव्हतं. केंद्राकडे जाताना तो मीरा रोडला शांतीनगरात नेहमीच्या टपरीवर चहाला थांबला, तेव्हा कुठे फोटो गेला. जिथे काढला तिथलाच फोटो असणार, त्यात विचारायचं काय? काशीनाथला वाटलं तसं कुणालाही वाटलं असतं. पण ॲपने फोटो कुठून आला एवढंच पाहिलं आणि बोंबल्या शांतीनगरचा करून टाकला.

सोडायच्या दिवशी बायको अंबिकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून त्याची सुट्टी होती. गाडीवर नवा माणूस होता. त्याने नकाशा बघितला आणि टपरीसमोर पिंजरा उघडला.

तीन दिवसांनी सेलीनमावशीचा फोन आला. "काशीनाथ, माजा बोंबल्या अजून आला न्हाय रे."

तो धावत निहारकडे गेला. निहारने स्क्रीन फिरवून दाखवली: हिरवी खूण, मूळ जागी सोडलं. "रेकॉर्ड क्लिअर आहे, काका. कायद्याप्रमाणेच झालंय."

"अरे, तो तारोडीचा आहे. मी स्वतः उचललाय."

"तुमच्या सांगण्यावर नोंद नाही ना बदलता येत."

एकोणीस वर्षं त्याच्या सांगण्यावरच सगळं चाललं होतं. आता त्याच्या डोळ्यांना किंमत नव्हती. त्याचा संताप संताप झाला, पण निहारशी भांडून कुत्रं सापडणार नव्हतं. त्याने रजा टाकली आणि शांतीनगरच्या गल्ल्या तुडवायला लागला. टपरीवाला म्हणाला, "वो सफेदवाला? इधर के कुत्तों ने बहुत काटा उसको. गोल्डन नेस्ट की तरफ भागा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दिसला. भाईंदर पश्चिमेला जाणाऱ्या पुलाच्या चढावर, कडेकडेने, एक पाय उचलून चालत होता. मान फाटलेली, कान रक्ताने काळा पडलेला. त्याला रस्ता कुणी सांगितला होता? गाडीत कोंडून आणलेलं जनावर, तरी बरोबर उत्तनच्या दिशेने निघालं होतं. काशीनाथला रडू फुटलं. आनंदाच्या भरात त्याने हाक मारली, "बोंबल्या!"

कुत्र्याने वळून पाहिलं आणि ओळखलं. जाळीवाला, पिंजऱ्याचं दार लावणारा माणूस. तो होता नव्हता तेवढा जीव एकवटून उलटा पळाला, आला त्याच वाटेने, उतारावर, गाड्यांमध्ये. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला होता, त्याचा काही दोष नव्हता.

काशीनाथने अंगातला शर्ट काढून त्यात मेलेल्या बोंबल्याला गुंडाळलं. दोन रिक्षावाले नाही म्हणाले, तिसरा तयार झाला.

सेलीनमावशी ओट्यावरच होती. तिने शर्टाची घडी बाजूला केली, फाटका कान बोटांनी नीट बसवला, आणि बराच वेळ तिथेच हात ठेवून बसली. ती शिव्या देईल तर बरं, असं काशीनाथला वाटत होतं. ती देत नव्हती.

"कंय गावला?"

"पुलावर. भाईंदरच्या."

"तोंड कवणीकडं व्हतं त्याचं?"

काशीनाथ खाली बघत राहिला. "इकडेच, मावशी. घरीच येत होता."

तिने मान हलवली. "येनारच तो. मना ठावं व्हतं." आणि मग ती रडली, मोकळेपणाने, त्याच्या उघड्या खांद्याला धरून.

आपण हाक मारली नसती तर तो आलाही असता, हे मात्र काशीनाथने तिला सांगितलं नाही. अंबिकालाही नाही.