मोहफुलांवर लागलेलं फाटक

मार्चअखेरीला नाशिक सोडून कुणी विदर्भात जातं का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. तरी मी गोंदियाहून देवरीची बस पकडली. नव्यानं सुरू झालेल्या सफारीचं बुकिंग केलं होतं आणि राहायची सोय जंगलाला लागून असलेल्या एका गोंड गावात होती. कंडक्टरनं मला हमरस्त्यावरच उतरवलं. "मॅडम, अंदर गाडी नहीं जाती. पैदल जाना पड़ेगा." धानाच्या रिकाम्या बांध्यांमधून (भातखाचरांमधून) चालताना चपलेचा अंगठा तुटला, आणि एक चप्पल हातात घेऊनच मी गावात शिरले.

सुकवारोबाई मडावींकडे उतरले. ग्रामसभेत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. या दिवसांत अंगणोअंगणी मोहफुलं वाळत असतात असं ऐकलं होतं, पण इथली अंगणं स्वच्छ झाडलेली, रिकामी.

"अजून फुलं वेचली नाहीत?"

"कशी वेचाव, बाई? पेनाले देल्लंच नाई."

पेन म्हणजे गोंडांचा देव. नवं मोहफूल आधी त्याला वाहायचं, मग गावानं उचलायचं. तोवर झाडाखाली कितीही सडा पडो, कुणी हात लावत नाही. देव आहे जंगलात, साजाच्या (ऐनाच्या) झाडाखाली, आणि त्या वाटेवर आता सफारीचं फाटक उभं आहे. या जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क मंजूर झालेला आहे. तरी गावाला आत मनाई, आणि मला मात्र मज्जाव नाही. वर वनखात्याचे साहेब सांगतात की फुलं वेचायलाही कुणी येत नाही, म्हणजे या लोकांना जंगलाची गरजच उरली नाही. हे ऐकून माझं टाळकंच सरकलं.

"मोहावर आमचा पावसाळा निघते," सुकवारोबाई म्हणाल्या. "यंदा काय खाव?"

"कुंपणातून कुठून तरी शिरता येत नाही का?"

"देवाकडं चोरावानी जाव काय? सारं गाव वाजतगाजत जाते."

"मग माझ्या जिप्सीतून चला. भूमकांचं तिकीट मी काढते."

भूमक म्हणजे गावचे पुजारी. ते ओसरीवरच बसले होते. "आपल्या देवाकडं तिकीट काढून जाव? तुमी जाता काय तसे?"

आम्ही जातो, विशेष दर्शनाची पावती फाडून. पण हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

सकाळी फाटकावर गेले तर सगळ्या जिप्स्या अडकलेल्या. भूमक, ढोलवाले आणि टोपल्या घेतलेल्या बाया रस्त्यातच बसल्या होत्या. "आम्ही इतक्या लांबून आलोय, यांचं रोजचंच असेल," मागच्या गाडीतले एक गृहस्थ म्हणाले. मी खाली उतरून त्यांना चारचौघांत झापलं. चौकीदार याच गावचा. "साहेबाले फोन लावून राहिलो ना," तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

साहेब आले ते फोटोग्राफर घेऊनच. पूजा आहे म्हटल्यावर खुलले. "अरे वा! ही आपली संस्कृती. जपलीच पाहिजे." फाटक उघडलं. आत झाडाझाडाखाली फुलांचे थर पडले होते, खालचे काळे पडून कुजलेले. भूमकांनी पेनाला फुलं वाहिली. साहेबांनी "मोरपिसं नाही का आणली?" असं विचारत सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतले.

"झाली पूजा. आता सगळ्यांनी बाहेर."

सुकवारोबाई हलल्या नाहीत. "देवाले देल्लं. आता आमाले उचला लागते."

"फुलं उचलता येणार नाहीत. हरणांचं खाणं आहे ते."

"अन् आमचं?"

असं म्हणून त्या वाकल्या. मागोमाग सगळ्या बाया वाकल्या. साहेब चौकीदारावर ओरडले, तेव्हा त्यानं पाठ फिरवून बिडी पेटवली. टोपल्या भरूनच बाया बाहेर पडल्या, आणि त्यांच्यामागे फाटकाला कुलूप लागलं.

नाशिकला घरी परतले तरी राग काही उतरेना. या साहेबलोकांना आदिवासी हवेत ते ढोल वाजवून, फोटो देऊन मुकाट घरी जाणारे. पोटाचं बोलले की ते लगेच घुसखोर ठरतात. न राहवून मी सुकवारोबाईंना फोन लावला.

"फूल रोज आणून राहिलो, बाई. कुंपनाले एका जागी भोक आहे. चौकीदारानंच दाखवलं."

"पण तुम्ही तर चोरासारखं जायचं नाही म्हणत होता."

"ते देवाकडं," त्या हसून म्हणाल्या. "पोटासाठी जाव लागते."

मला हसू आलं नाही. जंगल त्यांचं, हक्क त्यांचा, आणि सकाळी सकाळी त्या आपल्याच जंगलात भोकातून शिरतात.