आक्कांच्या अंड्याचं माप

आक्का अंडी उकडायला ठेवायच्या तेव्हा घड्याळाकडे बघायच्या नाहीत, नवऱ्याकडे कान लावायच्या. बापू संध्याकाळी पुढच्या ओट्यावर बसून जपमाळ ओढायचे. मोठ्याने, खणखणीत, दर मण्याला एक ‘राम कृष्ण हरी’. पहिला ‘राम’ ऐकू आला की मागे परसात आक्का उकळत्या पाण्यात अंडी सोडायच्या. माळ संपत आली की बापू शेवटचा ‘हरी’ लांबवायचे आणि इकडे आक्का पातेलं उतरवून अंडी माठातल्या पाण्यात बुडवायच्या. सोलून फोडलं की बलक कडेने बसलेला आणि मधे लोण्यासारखा. कधी कच्चा नाही, कधी भुगा नाही.

आक्का मागे परसात अंडी खातात हे बापूंना ठाऊक होतं आणि ते त्यांनी पोटात घातलं होतं. आपल्या जपावर ती शिजतात हे मात्र ठाऊक नव्हतं. ते कळलं तर हा माणूस आक्कांच्या हातचं पाणी पिणार नाही असं मला वाटायचं, आणि त्याचं पाप माझ्याही माथी येणार होतं. कारण अंडी माझ्या कोंबड्यांची असायची.

कामथडी गावात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. परस दोघींत एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा कोणाशी बोलायची नाही. अजूनही फार बोलत नाही. लिहायला बरं वाटतं, कागद मधेच ‘काय म्हणालीस?’ असं विचारत नाही. मी चार दिवस खाली मान घालून धुणं धुतलेलं बघून आक्का पेरूखालून म्हणाल्या, “काय गं मंगल, तोंडात अंडं धरून ठिवलंयस का? सोड की खाली. आता फुटंल त्ये.”

मला हसू फुटलं. सासरी आल्यावरचं पहिलं. तेव्हापासून मी आक्कांची.

बापूंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या घरात अंड्याचं नावही निघायचं नाही. बापू त्याला ‘ते’ म्हणायचे. ‘ते उंबऱ्याच्या आत नको’, एवढा त्यांचा नियम. आक्कांनी काही माळ घातली नव्हती. म्हणायच्या, “लग्नात एक माळ घातली गळ्यात, तिनंच मान आवळलीया. दुसरी कशाला?” त्यामुळे अंड्याची चूल न्हाणीजवळ तीन दगडांवर, आणि अंड्याचं पातेलं पेरूच्या झाडाला खिळ्यावर टांगलेलं. ऊन त्यावर, पाऊस त्यावर, कावळे त्यावर. “बिचाऱ्याला वाळीत टाकलंय,” आक्का त्याला घासताना म्हणायच्या, “पर समद्या भांड्यांत ह्योच एक कामाचा.”

एकादशीला तरी राहू द्या, असं मी एकदा हळूच म्हणाले. तर म्हणाल्या, “तुझी कोंबडी एकादशीला घालायची थांबती का? न्हाई ना? मंग वरूनच परवानगी हाय.”

सँडविचची गोष्ट पानशेतला सुरू झाली. आक्कांच्या भाच्याचं धरणाजवळ छोटं हॉटेल आहे, पुण्याची माणसं रविवारी तिथे येतात. भाच्याने कौतुकाने मावशीला अंड्याचं सँडविच खायला दिलं. आक्कांनी ते उघडून बघितलं, वास घेतला, खाल्लं, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अरं, चांगल्या अंड्याला दोन गाद्यांत कोंबून मारलंस की रं! आन वर ह्ये पांढरं मलम कसलं फासलंय? खरूज झाली व्हती का त्याला?” भाचा गिऱ्हाइकांकडे बिल मागायचं विसरला. पण परत येताना आक्का गाडीत माझ्याशेजारी गप्प होत्या. आक्का गप्प बसल्या म्हणजे डोक्यात काहीतरी शिजत असायचं.

पुढचे काही महिने माझ्या कोंबड्यांना दम नव्हता. शेवटी जे ठरलं ते असं. ब्रेड ताजा नको. माझे मालक भोरला दुकानात कामाला आहेत, ते एसटीने येताना बेकरीतून ब्रेड आणायचे, आणि आक्का तो एक रात्र डब्यात ठेवायला लावायच्या. “ताजा पाव नव्या नवरीवानी. हात लावला की मुडपतो. एक रात जाऊ दे, मंग उभा ऱ्हातो.” मी लाल व्हायची आणि त्या खुशीत यायच्या.

तव्यावर प्रत्येक तुकडा एकाच बाजूने भाजायचा आणि भाजलेली बाजू आत ठेवायची, म्हणजे आतलं ओलं पावात मुरत नाही. पहिल्यांदा मी उलटं ठेवलं तर आक्कांनी कालथा माझ्या मनगटावर टेकवला. “आत कडक, भाईर मऊ! आमच्या म्हाताऱ्याच्या उलटं.” त्या कडक बाजूला घरचं लोणी, चांगलं बोटभर. कांदा बारीक चिरून, मीठ लावून, फडक्यात पिळून. हिरवी मिरची, कोथिंबीर, खलबत्त्यात जाडंभरडं कुटलेलं मिरं. अंड्याला सुरी लावायची नाही. हाताने मोठंमोठं फोडायचं, बलक लोण्यात मिसळला की तेच मलम, वेगळं आणायला नको. शेवटी लिंबाचे दोन थेंब. काकडी, टोमॅटो हद्दपार. “पाणी सोडणारी भाजी आन डोळ्यातनं पाणी काढणारं माणूस, दोन्ही शँडविचाजवळ नको.”

मग वरून ताटलीने हलकं दाबायचं, थोडं थांबायचं, कापायचं, आणि धुण्याच्या दगडावर बसून खायचं. बापू ओट्यावर, आम्ही दगडावर. खाऊन झालं की आक्का चूळ भरायच्या, तुळशीचं एक पान तोडून तोंडात टाकायच्या आणि आत जायच्या. “तुळस खाल्ली की समदं माफ. म्हून तर माळ तिची असती.”

थंडीत बापूंना खोकला झाला की जप रेंगाळायचा आणि बलक कोरडा पडायचा. मग आक्का सुंठ-गुळाच्या गोळ्या करून नवऱ्याच्या मागे लागायच्या. बायको एवढी जपते म्हणून बापू चारचौघांत तिचं कौतुक करायचे. आक्का पदराआड हसायच्या. काळजी होतीच, पण सगळी बापूंची नव्हती.

असं कितीतरी वर्षं चाललं आणि पुढेही चाललं असतं. पण एका उन्हाळ्यात बापू वेल्ह्याला लग्नाला गेले. भर उन्हातून, पोटभर जिलेबी खाऊन परत आले आणि संध्याकाळी नेमाने ओट्यावर बसले. पहिला ‘राम’ आला. आक्कांनी अंडी सोडली. मी कांदा पिळत होते. थोडा वेळ जप नीट चालला, मग जड झाला, मग दोन मण्यांत एक गाव बसेल एवढं अंतर पडायला लागलं, आणि मग काहीच नाही.

आक्का पळी हातात धरून उभ्या. “आवंढा गिळत असतील,” त्या म्हणाल्या. पाणी खदखदत होतं. “नाक शिंकरत असतील.” अंडी पातेल्यात एकमेकांवर आपटत होती. ओट्यावरून आवाज आला, तो घोरण्याचा.

मी ‘उतरवा’ असं म्हणायला तोंड उघडलं, पण माझं तोंड उघडून आवाज बाहेर येईपर्यंत आक्कांचा आवाज सगळ्या आळीत पोचला होता.

“अवोऽऽ! झोपलात काय? माळ वढा की! अंडी दगड व्हायला लागली हितं!”

घोरणं थांबलं. मग वहाणांचा आवाज. बापू मागच्या दारात आले. जपाची पिशवी तशीच हातात. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, मी मोरीत तोंड घालता येईल का ते बघत होते.

“म्हंजी?” बापू म्हणाले.

“म्हंजी काय म्हंजी,” आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला, पण पळी पाठीमागे लपवलेली. “तुमी देवाचं नाव घेता, त्यात आमचं बी वाईच काम व्हतंय. त्यानं देव झिजला का?”

बापू वळले आणि आत गेले. त्यांनी आक्कांच्या हातचं पाणी सोडलं नाही, भाकरीही सोडली नाही. मी घाबरले होते तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर बसले, माळ ओढली, पण फक्त ओठ हलले. आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आमच्या आळीची सवय अशी की त्या आवाजावर बायका भाकरी टाकायच्या. सगळ्या विचारायला लागल्या, बापूंचा घसा बसला का?

आक्कांनी माझ्या मोबाईलवर वेळ लावून बघितली. “ह्याला काय कळतंय? ह्यो बोंबलतो निस्ता.” मग स्वतः जप करून बघितला. पण आक्कांचा जप म्हणजे, राम कृष्ण हरी, हाड मेल्या, राम कृष्ण हरी, मंगल ते मांजर बघ. अंडी पातळ. “माझा राम पळतोय,” त्या म्हणाल्या, “ह्यांचा चालतो. त्यात फरक पडतो.”

“बापूंना एकदा म्हणून बघा,” मी म्हणाले.

“म्या? म्या न्हाई म्हणणार. पन्नास येळा तुटंन, पर वाकायची न्हाई.” आणि पातेलं खिळ्याला टांगून टाकलं. पुढे त्यात कोळ्याने जाळं केलं. घरात दोघं बोलायची, पण कामापुरतं. शेळी बांधा, दिवा लावा. आक्कांची थट्टा बंद झाली. ती ऐकू येत नाही म्हटल्यावर मला माझं घरही मुकं वाटायला लागलं.

दिवाळीनंतर आक्का न्हाणीजवळ घसरून पडल्या. कमरेचं हाड. घरी आणलं ते कॉटवरच. दुखण्यापेक्षा खाणं सुटलं त्याची सगळ्यांना भीती वाटायला लागली. दोन घास पेज, की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, अंडी चालत असतील तर द्या. बापू तिथेच उभे होते. ‘ते’ या घरात चालत नाही असं त्यांनी म्हटलं नाही.

मी माझ्या घरी अंडी उकडून पदराखाली लपवून नेली. आक्कांनी एक चावून बघितलं आणि बाजूला ठेवलं. “चेंडू हाय का गं? गल्लीतल्या पोरास्नी दे.” आवाज अगदी बारीक झाला होता. मग माझा हात धरून म्हणाल्या, “शँडविच कर. मापात केलंस तर खाईन.”

“माप कुठून आणू आक्का?”

“माप ओट्यावर बसलंय,” त्या म्हणाल्या, “तोंड मिटून.”

मी इतक्या वर्षांत बापूंशी आपणहून एक शब्द बोलले नव्हते. ते दिसले की पदर पुढे आणि मी मागे. त्या संध्याकाळी मी ओट्याजवळ जाऊन उभी राहिले. ते माळ ओढत होते, ओठ हलत होते. मी उभीच. शेवटी त्यांनीच विचारलं, “काय गं?”

“आक्का जेवत न्हाईत, बापू.”

“ठाव हाय मला.”

माझ्या तोंडातलं अंडं तेव्हा पुन्हा जागेवर येऊन बसलं. मी ते दाताखाली फोडलं म्हणा. “म्या पाणी ठिवलंय,” मी म्हणाले. “उकळलं की अंडी सोडीन. तुमी बघा.” आणि पळत परसात आले. काय बोलून आले ते आठवून कान तापले होते. पाणी उकळलं. मी अंडी पळीत घेतली आणि थांबले. पुढून काही येईना. मी पळी पाण्यावर तशीच धरून ठेवली.

“राम कृष्ण हरी!”

एवढ्या मोठ्याने की पेरूवरचे पोपट उडाले. मी अंडी सोडली. पुढचा मणी, पुढचा मणी, एकसारखा, पूर्वीसारखा. शेजारणींच्या घरातून भाकरी थापायचा आवाज सुरू झाला. आणि आतून, कॉटवरून, आक्का ओरडल्या, “जरा दमानं! शर्यत लागलीया का?”

सगळं केलं जसं त्यांनी शिकवलं तसं. आत कडक, बाहेर मऊ. ताटली घेऊन मी मागच्या दाराशी आले आणि उंबऱ्यावर अडले. मागे पदराखालून नेली होती, पण आता बापूंच्या देखत उघडी ताटली आत नेऊ कशी? बापू आतून आले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातावर घेतलं, त्यात ताटली धरली, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि बाळंतिणीजवळून मूल उचलून न्यावं तशी कॉटपर्यंत नेली.

आक्कांनी अर्धं खाल्लं. हळूहळू, डोळे मिटून. मग बापूंकडे बघून म्हणाल्या, “तुमच्या जपाला चव हाय म्हणायची. आजवर मला वाटायचं निस्ता आवाजच हाय.”

“खा गप,” बापू म्हणाले. पण ते कॉटजवळून हलले नाहीत.

त्यानंतर आक्का फार दिवस राहिल्या नाहीत. पण जेवढ्या राहिल्या तेवढे दिवस आमच्या आळीत कोणाच्या भाकरीची वेळ चुकली नाही. शेवटी घास जाईनासा झाला तरी मला बसवून विचारायच्या, “कांदा पिळलास का? काकडी न्हाई ना घातली?” गेल्या त्या दिवशी एकादशी होती. परवानगी घेऊन गेल्या असतील.

बापूंचा जप चालूच आहे, मोठ्याने. सगळं उरकल्यावर बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी मी ते पातेलं खिळ्यावरून काढलं, घासलं, चूल पेटवली. पहिल्या ‘राम’ला अंडी सोडली. एकटीसाठी करायचं म्हणून लोणीही थोडंच काढलं होतं. माळ संपली, शेवटचा ‘हरी’ लांबला, मी पातेल्याला हात घातला आणि बघते तर बापू मागच्या दारात उभे.

“थांब,” ते म्हणाले. “आज जरा घाईत वढली गं मी. ते कच्चं ऱ्हाईल.”

मी हात मागे घेतला. त्यांनी पिशवीत हात घातला, आणि दारातच उभं राहून आणखी थोडे मणी ओढले. सावकाश, खणखणीत, पातेल्याकडे बघत.

“हां,” बापू म्हणाले. “काढ आता.”