पडलेला प्राजक्त

धाकटी बहीण शहराबाहेरच्या त्या हिरव्यागार सोसायटीत राहायला गेली, त्याला वर्ष झालं. परवा सकाळी तिच्याकडे गेले, तर दारातच प्राजक्ताचा सडा पडलेला, आणि झाडणाऱ्या बाई तो खराट्याने लोटत होत्या. जमिनीवर पडलेलं हे एकच फूल देवाला चालतं. पण बहिणीच्या देवांपुढे फ्रिजमधल्या पुडीतला झेंडू होता.

"अगं, खाली एवढा प्राजक्त पडलाय!"

"रोजच पडतो गं. वेचत कोण बसणार?"

त्या 'रोजच'नं माझ्या पोटात दुखलं. मी रोज पहाटे शेजारच्या बंगल्याच्या कुंपणातून हात घालते आणि त्यांचा कुत्रा भुंकायच्या आत चार जास्वंदी तोडते. इतकं असावं आपल्याकडे, की त्याच्यावरून न बघता चालत जावं!

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "ताई, हवा तर ने ना पिशवीभर."

"नको गं. आमच्याकडे आहे की ढीगभर."

तिचं दार लागल्याचा आवाज आला, तशी मी धावतच खाली उतरले आणि झाडाखाली पिशवी उघडून वाकले. फरशी लख्ख झाडून झाली होती.