घरटी पावशेर करडई

खंडेनवमीनंतर आठव्या दिवशी सोसायटीचा ट्रॅक्टर ओढ्याच्या उतारावर अचानक उजवीकडं फिरला आणि ट्रॉलीसकट खड्ड्यात गेला. ड्रायव्हर बलभीमची नडगी मोडली. त्याला खाटेवर घालून घरी नेत होते, खाट अजून चावडीपाशीही पोचली नव्हती, तेवढ्यात चेअरमन गुरुसिद्धप्पानं सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, "पिऊन चालवत होता."

गावानं मान डोलावली. पिऊन म्हटलं की पुढं कुणाला विचार करावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी ईरण्णा मिस्त्रीला बोलावलं. "परवा सभा हाय. बलभीमला काढायचा ठराव हाय. तुम्ही फक्त एक चिठ्ठी द्या मिस्त्री, ब्रेक ठीक होता म्हणून."

"बघितल्याशिवाय?"

"बघा की. पण चिठ्ठी द्या."

ईरण्णा तिथंच पेटला. पण तो पेटला की आवाज चढवत नसे, गप्प होत असे. गाव त्याला तिखट मिस्त्री म्हणायचं. वीस वर्षं त्यानं निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याच्या मोटार कारखान्यात काढली होती. पोलीस ॲक्शननंतर कारखाना विस्कटला, साहेब गेले, उस्ताद गेले, आणि हा पान्यांची पेटी डोक्यावर घेऊन सास्तूरजवळच्या आपल्या खेड्यात परत आला. इथं तेव्हा दुरुस्त करण्यासारखं होतं काय? दोन तेलाची इंजिनं आणि एक पिठाची गिरणी. मग सोसायटी झाली, तेवीस सभासद झाले, आणि तीन मालक वापरून थकलेला एक निळा ट्रॅक्टर सोलापूरहून आला. त्या ट्रॅक्टरचा एकेक बोल्ट ईरण्णानं हातानं धुतला होता. त्यावर बसायला त्यानंच बलभीमला शिकवलं होतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं पोरगं मशीनवर बसणार म्हणून तेव्हाही चावडीत कुजबूज झाली होती. बलभीम दारूला शिवत नाही हे ईरण्णाला ठाऊक होतं, पण त्याला ठाऊक असून सभेत काही भागणार नव्हतं.

चार बैलजोड्यांनी ट्रॅक्टर वर ओढून काढला होता. ईरण्णानं आधी पायडलं बघितली. या ट्रॅक्टरला डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा आणि उजव्याचा वेगळा असतो. शेतात वळताना एकच दाबायचा, रस्त्यावर दोन्ही कडीनं जोडून घ्यायचे. कडी लावलेली होती. म्हणजे बलभीमनं काम नीट केलं होतं. मागचा भाग दगडांवर उचलून त्यानं एका माणसाला दोन्ही पायडलं दाबून धरायला लावली आणि चाकं हातानं फिरवली. उजवं चाक जागचं हललं नाही. डावं मात्र पाणी काढायच्या रहाटासारखं गरगर फिरलं.

उजवं धरतं, डावं धरत नाही. मग गाडी उजवीकडं फिरणार नाही तर काय करणार? यात दारू कुठनं आली?

डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ होता, त्यावर मातीचा लगदा बसला होता. त्यानं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढून काढला. आत तेलाचं डबकं. ब्रेकचा लायनर, चाक घासून धरणारा पट्टा, भिजून चकचकत होता. आता हे तेल कुठलं? इंजिनचं असतं तर काळं आणि जळकं असतं. गिअरपेटीचं असतं तर गंधकासारखी घाण आली असती. त्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं. गंधकाची घाण होती, पण तिच्याखाली दुसरा एक वास होता, ओळखीचा, घरातला.

करडईचा. फोडणीचा.

त्यानं गिअरपेटीच्या बाजूचा बोल्ट काढला. तेल बेताचं असेल तर तिथं काठाशी नुसतं ओलं लागतं. आज बोटाएवढी धार अंगावर आली, शर्ट भिजला, आणि त्या शर्टालाही करडईचाच वास मारू लागला.

घरी त्याची बायको रुद्रम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती.

"खंडेनवमीला म्या सोलापूरला हुतो. बलभीम तुळजापूरला चालत गेला हुता. ट्रॅक्टरची पूजा कुणी केली?"

"सगळ्यांनी. घरटी पावशेर तेल. चेअरमन म्हणाले, गाडीच्या आखाला सणाला तेल घालतो, मग याला का न्हाय? त्यांनीच पेटीचं झाकण उघडलं."

"आपल्या घरचं?"

"ओतलं की. तुमच्या नावानं. मिस्त्रीचं घर म्हणून पहिला मान आपल्यालाच दिला." नवऱ्याचं तोंड बघून तिनं कानडीत हाक मारली, "री, काय झालं?"

"गाडीचा आख उघडा असतो, रुद्रम्मा. जास्त झालेलं तेल धुळीत गळतं. हे बंद पेटीत गेलं. पाच-सहा शेर! जाईल कुठं? डाव्या चाकापाशी तेल अडवणारं जुनं सील झिजलंय, त्यातनं वाट काढून ब्रेकवर गेलं."

भाकरी तव्यावर करपली. ती म्हणाली, "मला काय माहीत." आणि थोड्या वेळानं, "बलभीमच्या बायकोनं काल माझ्याकडनं हळद नेली. पायाला लावायला."

ईरण्णा न जेवता उठला. त्याला आता कुणाचा राग येत होता हेच कळेना. चेअरमनचा येत होता, तो सोपा होता. बायकोचा येत नव्हता. ज्या घराला पहिला मान मिळाला, त्या आपल्या घराचा येत होता.

सभेत त्यानं ड्रम चेअरमनच्या कागदांवर ठेवला. कागद भिजले.

"वास घ्या."

"ही काय पद्धत, मिस्त्री?"

"घ्या म्हणतो."

म्हातारा विरुपाक्ष पुढं वाकला. सत्तर वर्षं घाण्याशेजारी राहिलेलं नाक. "करडई," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच उमगलं. तो मागं सरकून बसला. "माझं अर्धा शेर हुतं. थोरल्या सुनेचं वेगळं."

कुणी हसलं नाही. ईरण्णानं डावं चाक, उजवं चाक, सगळं सांगितलं.

गुरुसिद्धप्पा म्हणाला, "देवाच्या नावानं घातलेल्या तेलानं..."

"देवाला मधी घेऊ नका. देवानं झाकण उघडलं न्हाय. तुम्ही उघडलं."

"पहिलं तेल तुमच्या घरचं पडलं, मिस्त्री. ते सांगा की."

"सांगतो. माझ्या बायकोनं ओतलं. लिहा. माझं नाव वर लिहा, खाली बावीस नावं लिहा. बलभीमचं तेवढं कुठं लिहू नका."

बराच वेळ पंखे हलवल्यासारखी उपरणी हलत राहिली. शेवटी गुरुसिद्धप्पा म्हणाला, "बरं, ठराव सोडून देऊ. झालं ते झालं."

"झालं न्हाय. तुम्ही त्याला गावासमोर दारुडा म्हणालात. आता त्याच्या दारात जाऊन म्हणा, प्यायला नव्हता."

"मी? वस्तीत जाऊन?"

ईरण्णानं ड्रम उचलला, ब्रेकचे बोल्ट धोतराच्या सोग्यात बांधले आणि घर गाठलं.

ज्वारीची पेरणी अर्धी राहिली होती. वाफसा उडत चालला होता. ढेकूळ हातात घेतलं की दिवसागणिक कोरडं लागत होतं. दोन दिवस सभासद ड्रम मागायला ईरण्णाच्या दारात आले. त्यानं त्यांना चेअरमनच्या दाराकडं बोट दाखवलं. ज्यांनी सभेत तोंड उघडलं नव्हतं ते आता पेरणीसाठी चेअरमनशी भांडू लागले, आणि याचाच ईरण्णाला सगळ्यात जास्त संताप आला. ते भांडत होते ते निरपराध माणसाच्या नावासाठी नाही, कोरड्या पडणाऱ्या मातीसाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुसिद्धप्पा वस्तीत गेला. मागं काही अंतरावर ईरण्णा. बलभीम दारातल्या खाटेवर, पायाला कामट्या बांधून पडला होता. चेअरमननी वहाणा न काढता, दुसरीकडं बघत म्हटलं, "तू प्यायला नव्हतास. आमची चूक झाली."

"काय म्हणालात?" बलभीमनं विचारलं. "ऐकू आलं न्हाय."

चेअरमननी पुन्हा म्हटलं.

"लई बारीक बोलता, मालक. त्या दिवशी खाटेवर निजून म्या चावडीच्या अलीकडनं ऐकलं हुतं तुमचं."

शेजारच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. बायकांनी हातातली कामं थांबवली. गुरुसिद्धप्पाच्या मानेवरची शीर फुगली आणि तिसऱ्या वेळी तो ओरडलाच, "बलभीम प्यायला नव्हता! तेल आमीच ओतलं!"

"बरं," बलभीम म्हणाला. "पाय धरला की येतो कामावर. झाकणाला कुलूप घाला. चावी माझ्याकडं ऱ्हाईल."

चेअरमननी ईरण्णाकडं पाहिलं. ईरण्णा सोग्यातले ब्रेकचे बोल्ट चाचपत होता. चेअरमनच मग म्हणाला, "ऱ्हाईल."