माडाची लेक, ताडाचा गाव

पडाव किनारा सोडून आगबोटीकडे निघाला तेव्हा आई रडत होती, धाकटी बहीण शेवंती रडत होती आणि मी तर भोकाडच पसरलं होतं. एकटे बाबा कमरेएवढ्या पाण्यात पडावाला धरून चालत होते. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी हात सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गो चेडवा, शिमग्यापर्यंत बघ. मन नाय रमला, तर मी येवन तुका घेवन जातंय." शेजारी त्यांचे नवे जावईबापू बसलेत, याची त्यांना पर्वा नव्हती. हे बिचारे ऐकून न ऐकल्यासारखं करून समुद्राकडे बघत राहिले.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मालवणची मुलगी थेट बोईसरच्या बाजूला कशी दिली, असं शेवंतीच्या नाती अजून विचारतात. मुंबईच्या मामाने स्थळ आणलं, एवढंच. जात एक, धंदा एक, फक्त झाड वेगळं. आमच्याकडे नारळाच्या माडाची माडी, यांच्याकडे ताडाची ताडी. बाबा माडी उतरवून आणत, तेव्हा तळहातावर दोन थेंब घालून मला विचारत, "सांग बघू, खळ्याकडचो माड की कुंपणाकडचो?" माझं उत्तर सहसा चुकत नसे. या जिभेचा मला भारी गर्व होता, आणि तोच घेऊन मी सासरी आले.

भाऊच्या धक्क्याला उतरलो, गाडीने पालघर गाठलं, तिथून एसटी. खाडीच्या अलीकडे आमचं गाव. उतरले आणि वर बघतच राहिले. काळेभोर, सरळसोट ताड, एकेकाला कवेत घ्यायला दोन माणसं लागावीत. चढायला खाचा नाहीत, आधार नाही. हे पहाटे पायात दोराचा फास अडकवून त्यावर चढत आणि उतरले की प्रकल्पाच्या ट्रकमध्ये बसून काँक्रीटच्या कामाला जात. दारूबंदीत झाडं कित्येक वर्षं कोरडी उभी होती. नुकताच परवाना मिळाला होता, म्हणून सासऱ्यांच्या जिवात जीव आला होता. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. पहिल्याच सकाळी त्यांनी कौतुकाने वाटी पुढे केली. मी एक घोट घेतला आणि नाक मुरडलं. मामा हसले. "गाढवाला गुळाची चव काय! सूनबाई, घाई नको करू. ताडी हाय ती, च्या नाय."

मला राग आला. पण गाढव ठरायचं नव्हतं, म्हणून रोज वाटी घेत गेले.

आणि काय सांगू तुम्हाला! थंडीत आधी शिंदीची आली, तिलाही इथे ताडीच म्हणतात. काटेरी, रानटी खजुराचं ते झाड, त्याच्या खोडाला जखम करायची आणि रात्रभर मडकं टांगायचं. पहाटे त्यात पाण्यासारखा पातळ, गार रस. पिताना दात शिवशिवत, आणि मागून गुळाचा वास यायचा. माघ लागला तशी नर ताडाची सुरू झाली, दाट, दुधाळ, थोडी उग्र. पुढे ऊन चढलं आणि ताडगोळे लागतात त्या मादी ताडाची पाळी आली. ती सगळ्यात मऊ. शिवाय एकाच मडक्याचे दिवसभरात अवतार किती! उजाडताना निव्वळ गोड, ऊन अंगणात आलं की फेसाळून जिभेला चिमटे काढणारी, दुपारी आंबट आणि दुसऱ्या दिवशी लोणच्यात घालण्याच्या लायकीची. ज्या जमिनीत मुळाही धड येत नाही, तिथून हे झाड एवढा गोडवा कुठून ओढून घेतं? मी मडक्यावर वाकून त्या बुडबुड्यांचा आवाज ऐकत बसायची. देवळात बसल्यासारखं वाटायचं, खोटं नाही सांगत.

परवा नातवाने पुण्यात एका ठिकाणी नेलं. तिथे बिअर जागच्या जागी बनवतात. लाकडी फळीवर सहा चिमुकले ग्लास आले: गव्हाची, भाजलेल्या धान्याची काळी, एक संत्र्याच्या सालीची, एक फक्त आंब्याच्या दिवसांत मिळणारी हापूसची. बाकीच्या दोन मला सारख्याच कडू लागल्या. मी आधी हलकी, मग दाट, काळी सगळ्यात शेवटी, अशा क्रमाने चाखली. वेटर म्हणाला, आजी, तुम्हाला कुणी शिकवलं? नातू आपला "आजी, हळू, आजी, हळू" करतोय. माणसाने धान्य आणि पाण्यातून इतक्या तऱ्हा काढाव्यात, याचं मला मनापासून नवल वाटलं. हापूसची तर मी दुसऱ्यांदा मागवली.

पण तेव्हा, त्या पहिल्या शिमग्याला, माझं मन काही रमलं नव्हतं. ताडी आवडायला लागली म्हणून माणसं आपली होतात, असं थोडंच आहे? हे मोजकं बोलणारे, मामा थट्टेखोर, आणि माझं मालवणी बोलणं ऐकून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. होळी आठवड्यावर आली तशी मी ट्रंक भरून ठेवली. ह्यांनी ती पाहिली. त्या रात्री जेवले नाहीत.

बाबा आले. शब्दाचा माणूस. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. आमच्यात रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. ते जेवायला शेजारी गेले, पाणीही तिकडचंच प्याले. मामांनी ताडीचं मडकं आणलं आणि कपाळाला हात लावून परत नेलं. जन्मभर झाडांवर काढलेला माणूस, समोर ताडांची रांग, आणि थेंब चाखायची सोय नाही! बाबा संध्याकाळभर खालून शेंडे बघत फिरले. मला विचारत होते, ह्याची कशी, त्याची कशी. मी सांगत होते: हे खळ्याकडचं लवकर आंबतं, ते वाकडं फेस जास्त धरतं, विहिरीकडच्या मादीची सगळ्यात गोड. बोलता बोलता बाबा थांबले. "तुका ह्या सगळा कसा म्हायत?"

मी पुढच्या झाडाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाबांनी धोतराचा काचा मारला आणि विहिरीकडच्या ताडाखाली उभे राहिले. "झाडाच्या शेंड्यार कोणाचा घर आसता? थंय जावन पितंय." मामा घाबरले. "अवो, माड नाय हो तो! तेला खाचा नाय. तुमचा पाय सरकला तं आमी सूनबाईला तोंड कसं दाखवू?" बाबा ऐकतात होय? ह्यांनी मुकाट्याने स्वतःचा फास त्यांच्या पायात अडकवला आणि दुसरा घेऊन त्यांच्या पाठोपाठ, हातभर खाली राहून चढायला लागले. बाबांचं वय पन्नाशीच्या पुढे. अर्ध्यावर त्यांचा पाय थरथरला, तेव्हा ह्यांनी टाच आपल्या खांद्यावर घेतली. तसेच थांबले, मग पुन्हा वर. मी खालून मान वर करून बघत होते. माझी दोन माणसं एका झाडाला चिकटलेली होती.

वर बाबांनी मडकं तोंडाला लावलं. मग ते चहूकडे बघत राहिले. एका बाजूला समुद्र, उत्तरेला तारापूरच्या क्रेन, खाली आम्ही. उतरले तेव्हा मिशीला फेस होता आणि डोळे भरलेले. "माका वाटलेला, गोडवो देवान फक्त आमच्या माडाक दिल्यान," ते मामांना म्हणाले. "हयसर पण दिल्यान मां!"

ट्रंक ओसरीवरच होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मला एकदम उमगलं. मला कायमची न्यायलाच आले असते, तर या घरचं पाणी नाकारायचं त्यांना कारण काय होतं? लेकीच्या घरचं पाणी वर्ज्य. म्हणजे हे लेकीचं घर आहे, हे त्यांनी उंबऱ्यातच मान्य केलं होतं. मान्य करायची राहिले होते ती एकटी मीच. मी म्हटलं, "बाबा, आणखी दोन दिवस राहा ना. वाकड्या झाडाची अजून तुम्ही घेतली नाहीत." ह्यांनी मान वर केली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं. बाबा दोन दिवस राहिले, वाकड्यावरही चढले आणि एकटेच परत गेले.

तुम्ही मालवणात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरीबाळी विचारता, आजी, तुझं घर नेमकं कुठलं? माहेर मालवणच, ते का बदलतं? पण पुढच्या वर्षाच्या आत थोरला झाला आणि बाबा बारशाला आले. मामांनी त्यांच्यासाठी शिंदीची, ताडाची, सगळी मडकी ओट्यावर मांडली होती. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी पाणी हाड गो." खाडीकाठची आमची विहीर, पाणी बाराही महिने मचूळ. मी भीत भीत तांब्या दिला. तो त्यांनी एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड आसा."