छत्तीस पायऱ्या

दिल्लीत आर. के. पुरममधलं आमचं सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला, डावा पाय लुळा पडला. तेव्हा ऑफिसातले सगळे बाबांना म्हणाले, मेडिकल ग्राउंडवर अर्ज करा, तळमजला मिळेल. बाबांनी केला नाही. "बिल्कुल नाही. जिना सुटला की पाय आळशी होणार."

रोज संध्याकाळी चार खेपा. डाव्या मांडीवर पंजा दाबून मी एकेक पायरी चढायचे आणि बाबा वर उभे राहून मोजायचे. आई मधे पडली की तिच्यावर खेकसायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि छत्तिसाव्या पायरीवरच्या 'शाब्बास'साठी मी जीवही टाकायचे.

पुढे मलाही केंद्र सरकारात नोकरी लागली. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर माझ्या नावावर झालं, आई गेली. आता अर्ज माझ्या हातात होता. मीही केला नाही. पाहुण्यांना बाबा जिन्याची गोष्ट रंगवून सांगायचे आणि, खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

दोन वर्षांपासून उजवा, म्हणजे चांगला पाय, दगा देऊ लागला. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोलिओतून वाचलेल्या नसांनी आयुष्यभर दुप्पट काम केलं, त्या आता थकल्या, इतकं ताणायला नको होतं, म्हणाल्या. जिने बंद. व्हीलचेअरची सवय करा.

त्या दिवशी घर गाठायला पाऊण तास लागला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी बसून, उलटी सरकत वर गेले. चौऱ्याऐंशीचे बाबा दारातच होते.

"काय म्हणाली डॉक्टर? व्यायाम कमी पडतोय?"

माझं डोकं फिरलं. "जास्त झाला! तुमच्या जिन्यानं माझा धड पायही खाल्ला."

त्या दिवसापासून बाबांची जिन्याची गोष्ट बंद झाली. तळमजल्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून काढला. परवा शेजारच्या बाई चौकशीला आल्या, तर त्यांना म्हणाले, "चूक माझीच. मीच पोरीचं वाटोळं केलं." आणि माझ्याकडे पाहत राहिले.

मी जिने चढले नसते तरी हे झालं असतं कदाचित, असंही डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.