ताईच्या गाडीचा काटा

वेगवान गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात सावकाश हलणारा माणूस म्हणजे काटेमास्तर. आडनाव काटे नव्हे. स्पीडोमीटरचे काटे दुरुस्त करता करता केस पिकले म्हणून चिकटलेलं नाव. पुढच्या हॉलमध्ये दिवसभर इंजिनं डरकाळ्या फोडत असायची आणि मागच्या खोलीत हे गृहस्थ टेबलावरच्या दिव्याखाली मान घालून एखाद्या डायलची काच उतरवत असायचे. स्वतः मात्र कामाला सायकलवर यायचे, आणि उतारावर तिचेही ब्रेक धरून.

त्यांच्याकडे दोन प्रकारची माणसं येत. पहिला प्रकार तावातावानं येई. "मास्तर, काटा दोनशे दाखवतो आणि मोबाईल एकशे नव्वद! एवढे पैसे मोजून खोटारडी गाडी घेतली का मी?" मास्तर त्याला आधी बसवत, पाणी देत. मग म्हणत, "खोटारडी नाही हो, सावध आहे. काट्यानं खऱ्यापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही, थोडं जास्त दाखवलेलं चालतं. म्हणून कंपनीच त्याला जरा पुढे ठेवते. त्यात तुमचं काय वाईट झालं?" दुसऱ्या प्रकाराला लिमिटर काढून हवा असे. गाडीत दम तीनशेचा असला तरी तिच्या कॉम्प्युटरला अडीचशेपर्यंतच परवानगी दिलेली असते. तिथं पोचलं की पाय कितीही दाबा, गाडीचा वेग ढिम्म वाढत नाही. ही परवानगी वाढवून मागणाऱ्यांना मास्तर टायरबद्दल इतके प्रश्न विचारत की निम्मे लोक कंटाळून परत जात.

काटा जरा पुढे ठेवण्याची ही रीत त्यांच्या अंगातच मुरली होती म्हणा ना. बायकोनं विणलेल्या स्वेटरची एक बाही गुडघ्याला टेकली, तरी हे म्हणाले, "थंडीत बरी, हातमोजे नकोत." कुणाला वाईट वाटेल असं बोलायची वेळ आली की त्यांच्या घशात काहीतरी अडकायचं. माणूस देवमाणूस, पण खरं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जावं, असं घरातले सगळे म्हणत.

घरातले म्हणजे मुख्यतः ताई. मास्तरांची थोरली बहीण. आई कामावर जायची तेव्हा हिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं. पुढे तिनं ड्रायव्हिंग क्लास काढला आणि अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ती वेग सांगायची. क्लास बंद केला, तेव्हा लोकांना वाटलं आता ही बाई घरात निवांत बसेल. तिनं काय करावं? जमिनीला टेकलेली एक निळी, दणकट इंजिनाची जुनी गाडी विकत घेतली आणि हायवेवर फिरायला लागली. म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून वीसच्या स्पीडनं फिरले. आता माझी पाळी."

तिच्या मुलाला हे माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. एक दिवस तो हायवेवरून घरी येत असताना एक निळी गाडी त्याला सुसाट मागे टाकून गेली, आणि जाता जाता आतून कुणीतरी हात हलवला. आई! तो तडक मास्तरांच्या खोलीत येऊन थडकला. चेहरा पांढराफटक.

"मामा, काहीतरी करा. मी किल्ली मागितली तर ती मलाच घराबाहेर काढेल. तिला काही झालं तर मी काय करू?"

मामाही घाबरले. सांगायला हवं होतं ताईला. पण ताईला, 'तू आता म्हातारी झालीस' हे कोण सांगणार? त्यापेक्षा संगणकावर चार बटणं दाबणं सोपं. गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा मास्तरांनी तिचा लिमिटर ऐंशीवर आणला. आजवर कुणी खाली आणायला सांगितला नव्हता, त्यांनाच चुकल्यासारखं झालं. मग मनात आलं, ऐंशीवर गाडी अडली की ताईला तत्क्षणी कळणार. म्हणून त्यांनी काट्यालाही हात घातला. गाडी ऐंशीनं पळाली की काटा एकशेवीस दाखवील अशी सोय केली. इतकी दांडगी लबाडी त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि करताना त्यांना ती मायेचीच वाटली. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो बघा.

सुरुवातीला ताईचे हसरे फोन आले. "काय रे छोट्या, हल्ली सगळ्यांना पंख फुटलेत का? मी एकशेवीसवर असते आणि दुधाचा टेम्पो मला मागे टाकून जातो!" छोट्या म्हणजे हेच, साठीला आलेले मास्तर. तेही हसले. मग फोन कमी झाले. मग बंदच झाले. मास्तरांनी मनाची समजूत घातली, असेल कशात तरी गुंतलेली.

आणि एका सकाळी ताई वर्कशॉपमध्ये आली. चालत. केस नीट विंचरलेले नव्हते. मागच्या खोलीत येऊन तिनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"विकून टाक."

"का गं? काय झालं?"

ती स्टुलावर बसली. हात मांडीवर घट्ट धरलेले. "माझं डोकं जायला लागलंय, छोट्या. मला वेग कळत नाही. काटा म्हणतो एकशेवीस, माझं सगळं अंग म्हणतं ऐंशी. आधी वाटलं, दमलेय. पण रोज तेच. आईचं आठवतंय ना? आधी तिला जिन्याच्या पायऱ्यांचा अंदाज चुकायला लागला. मग दिवस चुकायला लागले. मग आपण."

मास्तर चाचरत म्हणाले, "अगं, काटा बिघडला असेल..."

"तू हात लावलेला काटा? त्याच्यावर कशी शंका घेऊ? स्वतःवर घेतली."

किल्ली टेबलावर पडली होती. भाच्याला हवं होतं ते झालं होतं. ताई आता कधी हायवेवर जाणार नव्हती, तिच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते त्यांना आयुष्यभर उत्तम जमलं होतं. त्यांनी ताईच्या त्या घट्ट धरलेल्या हातांकडे पाहिलं.

"ताई, काटा मी पुढे केलाय. मुद्दाम. तुझं अंग बरोबर सांगतंय."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं, उठली आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला. "लहानपणापासून असाच आहेस. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगशील. असू दे, राजा."

तिचा विश्वासच बसला नाही! मास्तरांनी शपथा घेतल्या, रडकुंडीला आले, पण ताई आपली मान डोलावत राहिली. जन्मभर गोड बोलल्याची फळं एकदम पदरात पडली.

शेवटी त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली, कपाटातून वर्कशॉपचं वेग मोजायचं यंत्र काढलं, लॅपटॉप बगलेत मारला, काळ्या टेपचं रीळ खिशात टाकलं आणि ताईला हाताला धरून तिच्या घरी नेलं. गाडीत बसल्यावर स्पीडोमीटरच्या सगळ्या डायलवर टेप चिकटवली.

"चालव."

"नको. कुणाला तरी उडवीन मी."

"मी आहे ना बाजूला. फक्त वेग सांग. यंत्रात बघून पडताळा तूच घे."

गोदामांमागचा लांब सरळ रस्ता त्या वेळी मोकळा असायचा. ताईनं घाबरत घाबरत गाडी काढली. "चाळीस असेल," ती पुटपुटली. मास्तरांनी यंत्र तिच्यापुढे धरलं. एकेचाळीस. थोड्या वेळानं, "पंचावन्न." पंचावन्न. "बहात्तर." बहात्तर. ताईची पाठ हळूहळू ताठ व्हायला लागली. "ऐंशी," ती मोठ्यानं म्हणाली, आणि यंत्रात ऐंशी होते. तिनं पाय आणखी दाबला. गाडी जागची हलेना, म्हणजे पळत होती, पण वेग वाढेना.

"हे काय?"

मास्तरांनी टेप ओढून काढली. काटा एकशेवीसवर होता.

ताईनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"लिमिटर मी ऐंशीवर आणला," मास्तर म्हणाले. "पोरगं घाबरलं होतं. मीही."

ती समोर बघतच म्हणाली, "रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी स्वतःला वार विचारायचे. मग तारीख. मग तुझं नाव. ते आठवलं की उठायचे." आणि ती रडायला लागली, हमसून हमसून, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मास्तरही रडले. ताईला जवळ घ्यायचं धाडस काही त्यांना झालं नाही. तिनंच शेवटी त्यांचा कान धरून त्यांना जवळ ओढलं.

"तोंडावर सांगायचंस रे गाढवा. भांडले असते, चार दिवस बोलले नसते."

"तेच तर नको होतं मला."

"भित्रा कुठला." तिनं पदरानं डोळे पुसले. "काटा नीट कर. आत्ता, इथंच."

मास्तरांनी लॅपटॉप गाडीला जोडला आणि काटा जागेवर आणला. "आणि लिमिटर?"

ताईनं रस्त्याकडे बघत विचार केला. "शंभरावर ठेव. पण मी सांगतेय म्हणून. त्या पोराला मी बघते घरी गेल्यावर."

काम झालं. ताईनं गाडी सुरू केली, आरशात बघून केस सारखे केले आणि एकदम विचारलं, "आता खरं सांग, मी गाडी कशी चालवते?"

मास्तरांच्या घशात नेहमीचं ते काहीतरी येऊन अडकलं. त्यांनी ते गिळलं.

"ब्रेक उशिरा मारतेस, ताई. वळणावर. पूर्वी असं नव्हतं."

ताईचा हात गिअरवर थांबला. "हं," ती म्हणाली. "मलाही जाणवतंय." आणि पुढचं वळण यायच्या बरंच आधी तिनं पाय ब्रेकवर ठेवला.